बॅलीफेरनचं दत्तकविधान

फर्गस मॅकआर्डलने अस्थी द्यायला नकार दिला तेव्हा तो बिअरचा ग्लास पुसत होता.

"मुक्ता, तुझ्या आईबद्दल मला किती वाईट वाटतंय ते तुला माहीत आहे," तो म्हणाला. "पण त्यांना हद्दीबाहेर नेता येणार नाही. वारस अजून लहान आहे."

मुक्ता काउंटरच्या अलीकडे उभी होती. पर्समध्ये मुंबईच्या विमानाचं तिकीट होतं आणि डोक्यात एकच गोष्ट होती: आईच्या अस्थी साताऱ्याजवळ संगम माहुलीला न्यायच्या आणि बाबांच्या जिथे सोडल्या तिथेच कृष्णेत सोडायच्या. आईने तसं वारंवार सांगून ठेवलं होतं. कलश समोरच दिसत होता. फर्गसच्या मागच्या फळीवर, दोन जातींच्या व्हिस्कीच्या मधोमध, कुणीतरी लोकरीच्या हिरव्या शालीत नीट गुंडाळून ठेवला होता.

बॅलीफेरन हे डब्लिनच्या उत्तरेला, डंडॉकपासून गाडीने अर्ध्या तासावरचं गाव. एक रस्ता, एक दगडी पूल, पुलाखाली खाडी आणि खाडीत हंस. मुक्ताचं ऑफिस डंडॉकला होतं आणि घरभाडं इथे परवडत होतं, एवढ्याच कारणाने ती या गावात राहायला आली होती. फर्गस पुढच्या दारी पब चालवी आणि मागच्या दारी अंत्यविधींची व्यवस्था बघे. या देशातल्या लहान गावांत ही दोन दुकानं एका घरात असण्याचं कुणाला नवल वाटत नाही. गिऱ्हाईक शेवटी तेच असतं. शिवाय फर्गस बॅलीफेरनच्या जहागिरीचा वंशपरंपरागत कारभारी होता. हे तिसरं काम तो सर्वांत गंभीरपणे करी.

"फर्गस, तो वारस तेराव्या शतकातला आहे," मुक्ता म्हणाली.

"असेल. पण तो मोठा झाल्याचं अजून कुणी कळवलेलं नाही."

त्या वारसाची हकीकत गावात शेंबड्या पोरालाही पाठ होती. बॅलीफेरनचा नॉर्मन जहागीरदार एका मेजवानीत प्रमाणाबाहेर वाम मासे खाऊन मेला. मागे राहिली त्याची तरुण विधवा, लेडी रोहीस, आणि दोन वर्षांचा गिल्बर्ट. शेजारचे सरदार पोराच्या जिवावर उठतील म्हणून रोहीसने त्याला गलबतात बसवून समुद्रापलीकडे नातलगांकडे पाठवला आणि त्याच्या नावाने स्वतः कारभार हाती घेतला. गलबत पोचलं की बुडालं, हे कधीच कळलं नाही. जो मेल्याची बातमी नाही तो जिवंत, आणि जो वयात आल्याची बातमी नाही तो लहान. रोहीस उरलेला जन्मभर लहान मुलाच्या नावाने राज्य करत राहिली.

आणि राज्य तिने केलं ते चांगलं दणक्यात. डब्लिनहून राजाचे अधिकारी तिच्यासाठी स्थळं घेऊन येत. ती त्यांना उत्तम जेवू घाली, पुन्हा लग्न न करण्याचा दंड म्हणून खारवलेल्या हेरिंग माशांची पिंपं देई आणि परत पाठवी. न्यायनिवाडा ती बरोबर पुलाच्या मध्यावर खुर्ची टाकून करायची, म्हणजे दोन्ही काठांच्या लोकांना सारखंच चालावं लागे. शेजारच्या टोळीप्रमुखांची मुलं तिने ओलीस ठेवली आणि त्यांना इतकं सुग्रास जेवण दिलं की त्यांतल्या दोघांनी सुटका झाल्यावर घरी जायला नकार दिला. मरताना तिने सनद करून ठेवली: गिल्बर्ट परत येईपर्यंत बॅलीफेरनवर कायम रीजंट, म्हणजे वारसाच्या नावाने कारभार बघणारी बाई, असावी, ती विधवा असावी, समुद्रापलीकडून आलेली असावी आणि तिची इथे वीतभरही जमीन नसावी. अशा बाईला गावात दीर-मेहुणे नसतात, असं सनदेत कारण दिलं होतं. आणि वारसाने मोकळं केल्याशिवाय तिने जहागिरीची हद्द ओलांडू नये, जिवंतपणी किंवा नंतरही.

तेव्हापासून रीजंट होत आल्या. वेल्सच्या, स्कॉटलंडच्या, लिव्हरपूलच्या विधवा. अलीकडे मासळीच्या कारखान्यात काम करणारी एक पोलिश बाई होती. सगळ्या चर्चच्या उत्तरेला पुरलेल्या होत्या आणि कुणाचीच कुठे जायची इच्छा नव्हती. त्यानंतरची रीजंट सुहासिनी निमकर, मूळ राहणार सातारा.

बाबा गेल्यावर मुक्ताने आईला इकडे आणलं तेव्हा तिला एकच काळजी होती, की ही इथे दिवसभर करणार काय. सुहासिनीबाई साताऱ्यात 'कृष्णाई' हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या, त्याही अशा, की दर निवडणुकीत विरोधी उमेदवार अर्ज मागे घेताना त्यांच्याच घरी चहा पिऊन जाई. फर्गस आणि गावाच्या समितीची अध्यक्ष नोरा हॅनरटी, ही शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, असे दोघं फ्रूटकेक घेऊन घरी आले तेव्हा मुक्ताला वाटलं, वर्गणी मागताहेत. त्यांनी रीजंटपद देऊ केलं. मुक्ताने हसत हसत आईला भाषांतर करून सांगितलं. आई हसली नाही.

"म्हणजे प्रशासक नेमतात तसं," ती म्हणाली. "विचार त्यांना, अधिकार काय काय?"

"पूल, बाजाराची जागा, हंस, आणि भांडणं," फर्गस म्हणाला.

"जबाबदाऱ्या?"

"त्याच."

"मानधन?"

"वर्षाला हेरिंगची दोन पिंपं."

"मी शाकाहारी आहे, म्हणावं."

समितीने तिथल्या तिथे बटाटे मंजूर केले. सनदेतली ती पहिली दुरुस्ती होती.

मुक्ताला हा सगळा खेळ वाटला. तिने आईला मध्ययुगातल्या राण्या, सरदारणी, मठाधिपतिणी यांच्यावरची पुस्तकं आणून दिली. अशा बायकांबद्दल मुक्ताने स्वतः पुष्कळ वाचलं होतं. पोरगं लहान आहे तोवर राज्य आपलं, ते मोठं झालं की आपण उठायचं, अशी ही विचित्र सत्ता. कुणी विष घालून मुलाला लहान ठेवलं, कुणी लाडाने. आईने पुस्तकं चष्मा लावून वाचली आणि लेडी रोहीसबद्दल मत दिलं.

"बाई कर्तबगार होती यात वाद नाही. पण सभेचं इतिवृत्त लिहीत नव्हती. म्हणून तर पोर हरवलं."

मग बॅलीफेरनमध्ये इतिवृत्त सुरू झालं. आधी मागच्या सभेचं वाचायचं, ते कायम करायचं, मगच पुढे. ठरावाला सूचक हवा, अनुमोदक हवा. पुलाच्या कठड्यावर नोटीस बोर्ड लागला आणि त्यावर 'सर्व सभासदांच्या निदर्शनास आणण्यात येते की' अशा घाटाच्या इंग्रजीत सूचना येऊ लागल्या. गावातल्या माणसांना आपण सभासद आहोत हे नव्याने कळलं आणि आवडलंही. हंसांवरून दोन घरांचं पाच पिढ्यांचं भांडण होतं. आईने निकाल दिला की सम तारखांना हंस यांचे, विषम तारखांना त्यांचे, आणि एकतीस तारखेला हंस स्वतःचे. दोन्ही घरं जेवायला एकत्र आली.

पण ती हद्दीबाहेर जात नसे. मेथी आणायला डंडॉकलासुद्धा नाही.

"अगं आई, कोण बघतंय?" मुक्ता म्हणे.

"तू गप्प बस. मी आठ दिवस काशीला गेले होते, तर मागे सोसायटीवाल्यांनी गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवला. खुर्ची रिकामी दिसली की माणसाला काहीही सुचतं."

आणि फेब्रुवारीत, भर सभेत, पुलाच्या मध्यावर खुर्चीत बसल्या बसल्या, "पुढचा विषय," असं म्हणून आई गेली. सभासद बराच वेळ पुढच्या विषयाची वाट बघत होते. बाईंना मध्येच टोकायची कुणाची छाती नव्हती.

दहनाची सोय हद्दीत नव्हती. समितीने तातडीची बैठक घेऊन रीजंटला सूर्यास्तापर्यंतची रजा दिली आणि जामीन म्हणून ईशानीला, म्हणजे मुक्ताच्या मुलीला, ओलीस ठेवून घेतलं. लेडी रोहीसच्या काळापासून तशीच पद्धत होती. ईशानी दिवसभर पबमध्ये बसून बटाट्याचे क्रिस्प खात होती आणि आजीच्या समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत होती. मुक्ता परतली तेव्हा तिने इंग्रजीत सांगितलं, "ममा, खूप चांगले वागले ते. पण मला घरी जाऊ देत नव्हते." मग ती मुक्ताच्या कोटात तोंड खुपसून रडली. मुक्ताने तिची पाठ थोपटली. आपण रडायचं राहिलंय हे तिच्या लक्षात आलं, पण त्या दिवशी करायच्या गोष्टी फार होत्या.

तेव्हापासून कलश त्या फळीवर होता, आणि आता फर्गस तो देत नव्हता.

"ओलीस म्हणून मी घर ठेवते," मुक्ता म्हणाली. "गाडी ठेवते."

"ओलीस जेवणारं लागतं. आणि रजा सूर्यास्तापर्यंतचीच. भारतातून तू सूर्यास्तापर्यंत कशी येणार?"

त्या संध्याकाळी विवेकचा फोन आला. विवेक तिचा नवरा, कॉर्कच्या हॉस्पिटलात डॉक्टर, सुट्टी मिळाली की घरी येणारा.

"सरळ उचल आणि चालायला लाग," तो म्हणाला. "त्या माणसाला काय, पोलीस बोलावता येणार आहेत का? काय सांगेल तो त्यांना?"

"हं."

"मुक्ता, राखच आहे ग ती." मग लगेच, "सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं."

"कळलं मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पबमध्ये गेली. आत कुणी नव्हतं. फर्गस तिच्याकडे बघून म्हणाला, की आपल्याला तळघरात पिंप बदलायला बराच वेळ लागेल, दारही उघडंच आहे. आणि तो खरंच खाली गेला. मुक्ता काउंटरच्या आत शिरली. तिने शालीवर हात ठेवला. उचलायला कितीसा वेळ लागणार होता? पण तिला आई दिसू लागली, कपाळाला आठ्या घातलेली. सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडताना आईने नव्या माणसाला टाकीवरच्या झाकणाच्या किल्लीपासून सगळं एकेक हातात दिलं होतं आणि मग खुर्चीवरून उठली होती. चार्ज दिल्याशिवाय ती कुठूनच कधी उठली नाही. अशा बाईला व्हिस्कीच्या फळीवरून पळवून न्यायचं?

फर्गस वर आला तेव्हा मुक्ता गिऱ्हाइकाच्या बाजूला स्टुलावर बसली होती. त्याने फळीकडे पाहिलं आणि न विचारता तिच्यासाठी चहा टाकला.

"दुसरा काही मार्ग असेल तर मला हवाच आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यांनी मला पहिल्यांदाच इतिवृत्त लिहायला शिकवलं. पण वारस पाहिजे. वारसाशिवाय कसं?"

वारसाशिवाय कसं. साताऱ्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नसतो. शाळेतून राजवाडा बघायला नेत तेव्हा बाई सांगत, इथलं राज्य लढाईत नाही गेलं, दत्तक नामंजूर झालं म्हणून गेलं. बाबा वकील होते. रात्री जेवताना ते ही गोष्ट अशी सांगत, जणू इंग्रजांनी घरच्याच स्वयंपाकघरातून पातेलं उचलून नेलं. मुक्ताने चहाचा कप खाली ठेवला.

"फर्गस," ती म्हणाली, "विशेष सर्वसाधारण सभा बोलव."

शनिवारी सकाळी सगळं गाव पुलावर जमलं. आईची खुर्ची मध्यावर होती आणि खुर्चीत कलश. वारा होता म्हणून नोराने शालीचं टोक खुर्चीच्या दांड्याला पिनेने टाचलं. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं. 'पुढचा विषय' या शब्दांनंतर ते संपत होतं आणि ते शब्द फर्गसने दोनदा वाचले.

मुक्ताने मुद्दा मांडला. जहागिरीचा वारस येत नाही, तर त्याच्या जागी दत्तक घ्यावा.

"घेणार कोण?" नोराने विचारलं. शाळेत विचारत असेल त्याच सुरात. "रीजंट तर वारल्या."

"त्या पदावर आहेत की नाहीत?"

"आहेत," फर्गस म्हणाला. "म्हणून तर मी कलश देत नाही."

"पदावर आहेत, तर अधिकारही आहेत."

सभेत कुजबुज झाली. एक-दोघांनी खुर्चीकडे जरा भीतीने पाहिलं.

"पण जहागीरदार मरून सातशे वर्षं झाली," नोरा सोडायला तयार नव्हती. "मेलेल्या माणसासाठी मूल कसं घेता येईल?"

"आमच्याकडे विधवा मेलेल्या नवऱ्यासाठीच घेते. वंश त्याचा, काम हिचं. इथे रोहीसच्या जागी रीजंट. मुंबई इलाख्यात तर नवऱ्याने परवानगी देऊन ठेवायचीही गरज नव्हती. वयाचीही अट नव्हती. मिशा आलेले, लेकुरवाळे बाप्ये दत्तक गेलेत."

"आणि हे सगळीकडे मान्य होतं?"

मुक्ताने खोटं बोलायचा विचार केला. पण खुर्चीसमोर तिला ते जमेना.

"नाही," ती म्हणाली. "आमच्या साताऱ्यालाच नामंजूर झालं. दत्तक घेतलेला वारस मानला नाही आणि राज्य खालसा केलं."

"कुणी?"

"इंग्रजांनी."

मागे उभे असलेले लोक दोन पावलं पुढे सरकले. खाडीत एक हंस मान वळवून पिसं साफ करत होता.

"कारण काय दिलं त्यांनी?" फर्गसने विचारलं.

"आमची परवानगी घेतली नव्हती, म्हणाले."

"कुणाची? त्यांची?"

"हो."

फर्गसने नोराकडे पाहिलं. नोराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा ठराव मी मांडते," ती म्हणाली.

अनुमोदनाला इतके हात वर आले की इतिवृत्तात कुणाचं नाव घालायचं यावरून वाद झाला. शेवटी 'सर्वांनी' असं लिहिलं.

मग वारस कोण, हा प्रश्न आला आणि सभेला रंग चढला. खाटकाने स्वतःचं नाव सुचवलं. पोस्टातल्या माणसाने आपल्याला घोड्यावर बसता येतं असं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, तो तिकडे मागे उभा आहे ना, त्याचं नाकच नॉर्मन आहे. मुक्ताने हात वर केला.

"एक अट आहे. दत्तक जाणाऱ्याला त्याच्या जन्मदात्या आईने किंवा बापाने स्वतःच्या हाताने द्यावं लागतं. नुसत्या कागदावर होत नाही. देणारं माणूस समोर हवं."

खाटकाचे आईवडील केव्हाच गेले होते. पोस्टातल्या माणसाची आई होती, पण ती त्याला द्यायला तयार होईना. त्याच्या पेन्शनला अजून वेळ आहे, असं काहीतरी ती बोलली. असं करता करता उरला एकटा कोलम डफी. कोलम म्हणजे गावचा प्लंबर, अठ्ठावन्न वर्षांचा, दाराच्या चौकटीएवढा, बिनलग्नाचा. त्याची नव्वदीला आलेली आई चाकाच्या खुर्चीत पुढच्याच रांगेत बसली होती.

"घेऊन जा," मिसेस डफी म्हणाली.

"आई!"

"काय आई? इतकी वर्षं मी सांभाळला. आता दुसऱ्या कुणीतरी याचे मोजे शोधावेत."

कोलमच्या मानेपर्यंत लाली चढली. तो मुक्ताजवळ आला आणि टोपी हातात घेऊन खाली बघत म्हणाला, "मी नको. त्यांना चाललं नसतं. व्हॅन पुलावर लावण्यावरून त्यांनी मला चारदा बटाट्यांचा दंड केला होता. मी त्यांच्या प्रत्येक नोटिशीखाली उलट नोटीस लावायचो."

"माहीत आहे मला."

"मग?"

"ती म्हणायची, गावात एकटा डफी नोटीस शेवटपर्यंत वाचतो. भांडायला का होईना, पण वाचतो. पुढेमागे जबाबदारी द्यायला हरकत नाही, म्हणायची."

कोलमने टोपी घातली, पुन्हा काढली आणि खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

विधी मुक्ताने आठवेल तसा सांगितला. दत्तक मुलाला नव्या आईच्या मांडीवर बसवतात. कोलम आणि खुर्ची यांच्याकडे आळीपाळीने बघून सभेने ठरवलं, की डोकं टेकवलं तरी पुरे. तो दगडांवर गुडघे टेकून बसला. गुडघे वाजले ते दोन्ही काठांना ऐकू आलं. त्याने शालीला कपाळ लावलं. फर्गसने पबमधल्या चहाच्या किटलीत खाडीचं पाणी आणलं होतं. मिसेस डफीच्या हातावर त्याची धार धरली, तिच्या हातावरून ते कोलमच्या मानेवर गळलं आणि गारठ्याने तो शहारला.

"आता म्हणा, मी याला देते," मुक्ता म्हणाली.

"मगाशीच म्हटलं की."

"पुन्हा म्हणावं लागेल. नीट."

म्हातारीने मुलाच्या टकलाकडे पाहिलं. आतापर्यंत ती थट्टेत होती. आता तिने पाणी टिपायला पदर शोधावा तशी बाही शोधली आणि त्याचं डोकं पुसलं.

"चांगला आहे हो," ती मुक्ताला म्हणाली. मग कलशाकडे वळून, जरा मोठ्याने, "देते."

"घेतला," मुक्ता आईच्या वतीने म्हणाली.

साखर वाटायची असते म्हणून नोराने बिस्किटं वाटली. कोलमचं नाव रीतीप्रमाणे बदललं आणि बॅलीफेरनला सातशे वर्षांनी गिल्बर्ट परत मिळाला. लगेच पुढचा ठराव आला, की वारस वयात आला आहे असं ही सभा मान्य करते.

"मला शंका आहे," मिसेस डफी म्हणाली. तिचा विरोध नोंदवून ठराव मंजूर झाला.

"आता शेवटचं," फर्गसने सनदेची नक्कल उघडली. "वारसाने रीजंटला मोकळं करायचं. स्वतःच्या तोंडाने. आपण मोठे झालो आणि आता तिने जावं, असं तिला सांगायचं. आणि तिला कळेल अशा भाषेत, असं रोहीसबाईंनी लिहिलंय."

"मला कुठे येते त्यांची भाषा?" कोलम गुडघ्यांवरूनच म्हणाला.

"मुक्ता सांगेल. तू तिच्यामागून म्हण."

सगळे मुक्ताकडे बघू लागले.

ती खुर्चीजवळ गेली. वाक्य सोपं होतं. पण आई गेल्यापासून तिने मोठ्याने मराठी फारसं उच्चारलंच नव्हतं. ईशानी इंग्रजीत बोले, ऑफिस इंग्रजीत, विवेकशी फोनवर हं आणि बरं. सकाळी उठल्यावर आधी जिच्याशी बोलायची सवय होती ती या शालीत होती. ईशानीने येऊन मुक्ताचा हात धरला. भरती लागत होती. पुलाखालचं पाणी हळूहळू उलट्या दिशेने वर चढत होतं. या गावाला वाट बघायची सवय होती.

"आई," मुक्ता म्हणाली, आणि तिने ईशानीचा हात घट्ट धरला.

"आई," कोलमने इमानदारीने म्हटलं आणि थांबला.

"आता तू जा."

"आता तू जा."

त्याच्या जाड, ठेच लागल्यासारख्या उच्चारात ते वाक्य ऐकताना मुक्ताला वाटलं, कुणीतरी आपल्याला सांगतंय. तिने ईशानीचा हात सोडला आणि शालीची पिन काढली.

"इथलं सगळं नीट आहे. मी मोठी झाले."

"इथलं सगळं नीट आहे," कोलम डफी त्याच्या तुंबलेली मोरी मोकळी करणाऱ्या आवाजात खाडीभर ऐकू जाईल असं म्हणाला. "मी मोठी झाले."

मुक्ताने त्याला दुरुस्त केलं नाही.

"त्या काही म्हणाल्या का?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"नाही."

"मग जाणार त्या," मिसेस डफी म्हणाली. "जायचं नसतं तर बोलल्या असत्या."

फर्गसने इतिवृत्तात लिहायला घेतलं आणि पेन हातातच ठेवलं. मुक्ताने वाकून कलश उचलला, शालीसकट, दोन्ही हातांनी. लोक बाजूला झाले. कोलमला कुणीतरी उठायला हात दिला, आणि तो तिच्या मागून चालू लागला. नव्या नात्याने तो तिचा भाऊ लागत होता आणि बहिणीला वेशीपर्यंत पोचवायचं असतं, एवढं त्याला कुणी न सांगता कळलं असावं. पलीकडच्या टोकाला, जिथे बॅलीफेरन संपतं, तिथे टॅक्सी दार उघडून उभी होती. मुक्ताचे डोळे भरून वाहायला लागले होते. हात दोन्ही गुंतलेले, त्यामुळे पुसता येईनात. ती तशीच चालत पुलापलीकडे गेली.